इशिगाकीला बोट लागली की ताकेतोमीला जा

जपानच्या इशिगाकी बेटाला क्रूझ थांबली की बहुतेक सगळे प्रवासी काबिराच्या बसमध्ये चढतात. काबिराचा उपसागर देखणा आहेच. आमच्या जेवणाच्या टेबलावरची मंडळी तिकडे गेली होती, त्यांचे फोटो मी रात्री पाहिले. पाण्याचा तो हिरवा-निळा रंग खरोखरच तसा आहे. पण तिथे प्रवाह जोरदार असल्यामुळे पोहायला बंदी आहे. काचेच्या तळाच्या होडीत बसायचं, खालचे प्रवाळ बघायचे, काळ्या मोत्यांच्या दुकानात डोकवायचं आणि परत फिरायचं. हातात दिवसाचे मोजके तास असताना मला कुणी विचारलं, तर मी एकच सांगेन. गावातला फेरी धक्का गाठा आणि ताकेतोमी बेटावर जा.

मी आणि माझी ताई तैवानच्या कीलुंग बंदरातून बोटीत बसलो. मुंबई, तैपेई, दोन देशांचे व्हिसा हे सगळं भाचीनं जमवलं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही. बोटीचंही फार कौतुक सांगत नाही. ती स्वच्छ होती, खाण्याची चंगळ होती, आणि दिवसभर कुठे ना कुठे गाणी चालू असायची. आम्ही दशम्या, मेतकूट, चकल्या बरोबर नेल्या होत्या आणि ते बरंच झालं, कारण जपानी जेवणात भाज्यांच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. शाकाहारी माणसानं बेटावर उतरण्याआधी बोटीवर पोटभर नाश्ता करून घ्यावा.

संध्याकाळी निघून सकाळी इशिगाकी, कारण अंतर अगदीच कमी. नकाशात हे बेट जपानचं म्हणून शोधायला गेलात तर पटकन सापडणार नाही. ओकिनावा प्रांताची राजधानी नाहा इथून चारशे किलोमीटरहून लांब आहे आणि तैवान पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. हवा आपल्या कोकणासारखी दमट. बोटीतून उतरल्यावर बोटांचे ठसे, फोटो, कस्टम या सगळ्याच्या रांगा लागतात, त्याला वेळ धरून चाला. मग बस पूल ओलांडून गावात सोडते.

फेरी धक्क्याजवळच्या चौकात एक दगडी स्मारक आहे, त्यावर ७३० हा आकडा आहे. तिथे पाच मिनिटं थांबाच. दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावाची सगळी बेटं अमेरिकेच्या ताब्यात होती, ती १५ मे १९७२ ला जपानकडे परत आली. तोवर इथल्या गाड्या अमेरिकेच्या पद्धतीनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावायच्या, आणि काही वर्षं तर व्यवहारही डॉलरमध्ये होता. उरलेल्या जपानमध्ये वाहतूक डावीकडून. शेवटी ३० जुलै १९७८ ला, म्हणजे सातव्या महिन्याच्या तीस तारखेला, अख्ख्या प्रांतानं बाजू बदलली. ताई तिथे उभी राहून लक्ष्मी रोडची बाजू एका रात्रीत बदलली तर काय होईल याचा विचार करत राहिली. मला मात्र या बेटांनी किती राजवटी बघितल्या याचंच नवल वाटत होतं. इथे आधी ऱ्यूक्यूचं स्वतंत्र राज्य होतं, १६०९ मध्ये जपानातल्या सात्सुमाच्या सरदारांनी त्यावर स्वारी केली, १८७९ मध्ये जपाननं ते खालसा केलं, मग युद्ध, मग अमेरिका. मियाको आणि यायेयामा (इशिगाकी, ताकेतोमी त्यातलीच) या बेटांवर तर १६३७ पासून १९०३ पर्यंत डोईपट्टी होती. जमीन कितीही असो, पीक येवो न येवो, माणशी कर. पुरुषांनी धान्यात द्यायचा, बायकांनी हातमागाच्या कापडात. कापडाच्या दुकानात तलम सुती-तागी विणकाम बघताना हे डोक्यात असलं की हात आपोआप जपून लागतो.

फेरी धक्क्यावर मुष्टियोद्धा योको गुशिकेन याचा पुतळा आहे. तो याच बेटाचा, १९७६ मध्ये जगज्जेता झाला. सगळे त्याच्या शेजारी मुठी आवळून फोटो काढतात. ताकेतोमीची फेरी जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची आहे आणि दिवसभर बऱ्याच फेऱ्या असतात. तिकिटाबरोबर बेटावर येण्याची एक वर्गणीही भरता येते. ती ऐच्छिक आहे, २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा ३०० येन होती. ती जरूर भरा. पैसा कुठे जातो ते पुढे सांगते, कारण मला सांगायचं आहे ते सगळं त्या पैशाभोवतीच आहे.

ताकेतोमी म्हणजे परिघानं नऊ-दहा किलोमीटरचं, जवळपास सपाट बेट. साडेतीनशेच्या आतबाहेर माणसं राहतात. प्यायचं पाणी समुद्राखालच्या नळातून इशिगाकीहून येतं. धक्क्यावरून गावात जाताना पहिल्याच वळणावर ताई थबकली. "अगं, हा तर पांगारा!" लालभडक फुलांनी लगडलेलं झाड, पान एकही नाही. पांगाराच तो. ओकिनावा प्रांताचं ते मानाचं फूल आहे. तो ज्या वर्षी भरघोस फुलतो त्या वर्षी वादळं जास्त येतात, असं तिथले लोक मानतात. मग जास्वंद दिसली, बोगनवेल दिसली. घरांच्या कडेनं जाड चामड्यासारख्या पानांची फुकुगी नावाची झाडं ओळीनं लावलेली होती. ही कोकमाच्या कुळातली. वादळवारा अडवायला त्यांची राई घराभोवती राखतात. सालीतून पिवळा रंगही निघतो.

आता भिंतींबद्दल. मी आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं, त्यामुळे माणसांच्या आधी माझं लक्ष भिंतीकडे जातं. ताकेतोमीच्या गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना प्रवाळाच्या दगडाचे गडगे आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही. नुसते दगड एकमेकांच्या खाचेत बसवलेले, साधारण छातीएवढ्या उंचीपर्यंत. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक दगडावर जिवंतपणीची नक्षी अजून दिसते. कुठे बारीक चांदण्यांची जाळी, कुठे मेंदूसारख्या वळ्या, कुठे नळ्यांची जुडी. दगड खरखरीत असल्यामुळे एकमेकांना धरून राहतात आणि फटींतून वारा जातो, म्हणून वादळाचा पूर्ण दाब भिंतीवर येत नाही. मी एका कोपऱ्यावर बराच वेळ उभी होते. कोपऱ्याला मोठे दगड एकाआड एक दोन्ही दिशांना लांब घातले होते, आपल्याकडे चांगला गवंडी घालतो तसेच. ते करणाऱ्याला कुणी शाळेत शिकवलं नसणार.

रस्ते पांढऱ्या वाळूचे आहेत, प्रवाळाचीच वाळू. गावकरी रोज सकाळी आपापल्या घरासमोरचा रस्ता झाडतात. आम्ही पोचलो तेव्हा काही गल्ल्यांत खराट्याच्या रेघा अजून होत्या आणि त्यावर पाय ठेवायला जीव होत नव्हता. पांढऱ्या वाळूचा आणखी एक उपयोग सांगतात. चांदण्यात ती उजळते, आणि वाटेवर हाबू नावाचा विषारी साप असेल तर दिसतो.

घराच्या फाटकाला दार नसतं. आत शिरलं की समोर एक आडवी सुटी भिंत येते, त्यामुळे रस्त्यावरून घराच्या आतलं दिसत नाही. दुष्ट शक्ती सरळ रेषेतच चालते, वळू शकत नाही, असा त्यामागे समज आहे. पाहुणे एका बाजूनं, रोजची घरची माणसं दुसऱ्या बाजूनं. घराचं तोंड दक्षिणेला, आणि स्वयंपाकघर पश्चिमेला वेगळं बांधलेलं. १९१३ मध्ये बांधलेलं एक घर, योनागुनी कुटुंबाचं, राष्ट्रीय ठेवा म्हणून जपलं आहे. ते बाहेरून बघताना मी वळचणीखाली उभी राहून वासे मोजले, खांबाखालचे दगड पाहिले. छप्पर बुटकं, उतरतं. वर लाल कौलं. खाली पसरट कौल, दोहोंच्या सांध्यावर नळीचं कौल आणि सगळ्या दरजा पांढऱ्या चुन्यानं जाड भरलेल्या. वाऱ्यानं एकही कौल उचलू नये म्हणून. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं ते छप्पर शोभेसाठी केलेलं वाटतं, पण त्यातली प्रत्येक पांढरी रेघ वादळासाठी आहे. ऱ्यूक्यूच्या राजांच्या काळात सामान्य माणसाला कौलं घालायची परवानगीच नव्हती, ती १८८९ मध्ये मिळाली. छपरावर मातीचा सिंहासारखा शीसा बसवलेला असतो, घराचा राखणदार. पूर्वी कौलं चढवणारे कारागीर उरलेल्या कौलांच्या तुकड्यांतून आणि चुन्यातूनच तो घडवायचे, म्हणून कुठलेही दोन शीसा एकसारखे नाहीत.

ताईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही रेड्याच्या गाड्यात बसलो. हे रेडे १९३०च्या दशकात तैवानहून आलेल्या शेतकऱ्यांबरोबर या बेटांवर आले, अननसाची लागवडही त्यांनीच रुजवली. आमच्या रेड्याच्या शिंगाला जास्वंदीचं फूल बांधलं होतं. गल्लीच्या अरुंद वळणावर गाडीवानानं कासराही हलवला नाही, रेड्यानं आधी बाहेरच्या अंगाला दोन पावलं घेतली आणि मागचं चाक भिंतीच्या दगडाला न घासता आत वळवलं. मग गाडीवानानं सानशिन हातात घेतलं. तीन तारांचं वाद्य, सापाच्या कातड्यानं मढवलेलं. तो गायला लागल्यावर ताईचे डोळे मिटले, आणि गाडा थांबेपर्यंत ती काही बोलली नाही.

गाड्यातून दिसलेली एक राई मला आणखी जवळून बघायची होती. दाट झाडी, समोर साधी दगडी कमान, आत पायवाट आणि पुढे अंधार. ही उताकी, म्हणजे तिथली देवराई. मूर्ती नसते, देऊळ नसतं, झाडंच देव. पूजा पुरुष करत नाहीत, गावातल्या मानाच्या स्त्रियाच करतात. बाहेरच्यानं आत जायचं नाही, म्हणून आम्ही बाहेरूनच नमस्कार केला. मावळात आणि कोकणात ज्यांनी देवराया पाहिल्या आहेत त्यांना तिथे काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

दुपारी एका छोट्या दुकानात बर्फाच्या किसाखाली काळ्या गुळाच्या पाकातले राजमे, असा तिथला गोड पदार्थ खाल्ला. गूळ अगदी आपल्या काकवीच्या वासाचा. उसाचा रस आटवून गूळ करायची विद्या ऱ्यूक्यूत १६२३ मध्ये चीनच्या फुजियान प्रांतातून शिकून आणली, आणि आजही प्रांतातल्या आठ लहान बेटांवर हा काळा गूळ होतो. कारलंही तिथल्या रोजच्या जेवणातलं आहे, हळदीचा चहा पितात. आम्ही गुळाच्या दोन पिशव्या घेतल्या.

आता त्या वर्गणीचं.

१९७१ मध्ये या बेटांवर आधी लांबलचक दुष्काळ पडला आणि मग मोठं वादळ आलं. पीक गेलं, गुरं गेली. नेमकं त्याच सुमाराला ओकिनावा जपानला परत मिळणार हे ठरल्यामुळे मुख्य भूमीवरच्या कंपन्या जमिनी विकत घ्यायला आल्या. हॉटेलं काढायची होती. हातात पैसा नसलेल्या माणसांनी जमिनी विकल्या. तेव्हा ताकेतोमीतल्या काही लोकांनी उभं राहून विरोध सुरू केला. कित्येक वर्षं वादावादी चालली. १९८६ मध्ये गावानं स्वतःची सनद लिहिली. विकायचं नाही, घाण करायची नाही, शांतता मोडायची नाही, पाडायचं नाही, आणि जे आहे ते वापरात जिवंत ठेवायचं. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, सरकारनं गाव पारंपरिक इमारतींचा संरक्षित भाग म्हणून जाहीर केलं, त्यामुळे दुरुस्तीला मदत मिळायला लागली आणि नवं बांधकाम जुन्या घडणीत बसलं पाहिजे असा नियम आला. आपण जी वर्गणी भरतो तिचा काही भाग बेटाच्या निसर्गासाठी आणि काही भाग पूर्वी बाहेरच्यांच्या हाती गेलेली जमीन परत विकत घेण्यासाठी वापरतात. परत विकत घेण्यासाठी! हे वाचल्यावर मी पुन्हा वर्गणीच्या तिकिटाच्या यंत्रापाशी जाऊन आणखी एक तिकीट काढलं.

गाव मात्र संग्रहालय झालेलं नाही. शाळा आहे, मुलं सायकलवर भुंगाट जातात, एका घराच्या मागे लाकडी जाळीच्या आड एसीचं खोकं होतं, दोरीवर कपडे वाळत होते. शरद ऋतूत बी पेरण्याचा सण होतो, त्यात गावकरी दोन दिवस देवापुढे नाच आणि नाटकं करतात, बाहेरगावी गेलेले त्यासाठी परत येतात.

आमचा वाडा नारायण पेठेत होता. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चौकात हौद, वरच्या मजल्याच्या सागवानी कठड्याला कमळं कोरलेली. बारा बिऱ्हाडं राहायची. तो पडला, त्या जागी इमारत झाली आणि तिच्याच तिसऱ्या मजल्यावर मी राहते. मला कुणालाही दोष द्यायचा नाही. भाडेनियंत्रणाच्या कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली होती, तेवढ्यात मालक एक पाख शाकारू शकत नव्हता. भाडेकरूंना गळणाऱ्या खोलीत राहायचं नव्हतं, वारसांची संख्या वाढत गेली होती, आणि मातीच्या भिंतीत पाणी मुरायला लागलं की लाकूड फार काळ धरत नाही. माझ्या वडिलांनी कागदावर सही केली तेव्हा त्यांना दुसरा रस्ता दिसत नव्हता, आणि लिफ्ट असलेल्या घरात आईची शेवटची वर्षं सुखाची गेली. पण ताकेतोमीत मला कळलं की दुसरा रस्ता असतो, आणि तो एकेकट्या घराला सापडत नाही, गल्लीला मिळून शोधावा लागतो. त्या बेटावर एकट्या योनागुनींचं घर राहिलं असतं आणि शेजारची वीस पडली असती, तर भिंती, वाळू, फुकुगीची राई यातलं काहीच उरलं नसतं. आपल्याकडे विश्रामबागवाडा जपला, ते चांगलंच झालं. पण पेशव्यांच्या वाड्याच्या आजूबाजूची साधी माणसं ज्या घरांत राहिली ती घरं एकेक करून गेली, आणि त्या प्रत्येक वेळी तो त्या एका घराचाच प्रश्न मानला गेला.

त्याहून मला लागलं ते दुसरंच. आमच्या वाड्याचा एकही नकाशा कुणाकडे नाही. महापालिकेत दिलेल्या कागदावर जुन्या बांधकामाच्या जागी नुसती तुटक रेघांची चौकट आहे. ताकेतोमीत घर पडलं तरी ते पुन्हा बांधता येईल, कारण वासा किती जाडीचा, वळचण किती पुढे, हे सगळं मोजून ठेवलेलं आहे आणि ते करणारे हात आहेत.

परतीच्या फेरीसाठी वेळ राखून ठेवा. बोटीवर परत चढायची जी वेळ सांगतात, तिच्या दोन तास आधी तरी ताकेतोमीचा धक्का सोडावा, कारण गावातून बंदरावर जाणाऱ्या बसलाही रांग असते. सावली कमी आहे, टोपी आणि पाणी बरोबर हवं. काइजीच्या किनाऱ्यावर चांदणीच्या आकाराची वाळू मिळते, ती खरं तर सूक्ष्म सागरी जीवांची कवचं. तळहातावर घेऊन बघा आणि तिथेच ठेवून या.

आणि पुण्यातल्यांना एक विनंती. नारायण, शनिवार, सदाशिव, कसबा, कुठल्याही पेठेत तुमचा वाडा अजून उभा असेल, तो पुढच्या वर्षी पडणार असेल तरीही, आधी त्याची मापं घेऊ द्या. प्लॅन, चौकाचा छेद, एका खांबाचा आणि एका दाराचा तपशील एवढं जरी कागदावर आलं तरी पुष्कळ आहे. माझ्याकडे टेप आहे, ओळंबा आहे, ड्रॉइंग बोर्ड आहे आणि सकाळी नऊपासून वेळ आहे. मी पैसे घेणार नाही. फक्त शिडी धरायला घरातलं एक माणूस द्या.